जुन्या संगणकांवर व्हिडिओ न अडकता चालवणे : प्लेअर आणि कोडेक निवडीच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५ : तक्रारीचे चार रकाने

ग्रंथालयाच्या दृक्‌श्राव्य कक्षातले सहा संगणक आणि एक टीव्ही एवढ्यापुरते हे काम आहे. तक्रार सगळीकडून एकाच शब्दात येते : ‘व्हिडिओ अडकतो’. पण या अडकण्यामागे निदान चार वेगळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. म्हणून तक्रारवहीत आजपासून चार रकाने आखले.

अ) आवाज सुरळीत, चित्र मागे पडते किंवा गोठते. फाईल उलगडायला, म्हणजे डीकोड करायला, यंत्र कमी पडते आहे.

आ) चित्र कुठेच थांबत नाही, पण कॅमेरा आडवा फिरला की बारीक हिसके बसतात. व्हिडिओचा फ्रेमदर (सेकंदाला किती चित्रे) आणि पडद्याचा रिफ्रेश दर (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र रंगवतो) जुळत नाही.

इ) हलणाऱ्या हाताला, साडीच्या काठाला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. व्हिडिओ इंटरलेस्ड आहे, म्हणजे सम आणि विषम ओळींच्या अर्ध्या अर्ध्या चित्रांत साठवलेला आहे.

ई) चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात, मग पुढे चालू होतात. डिस्क, पेनड्राइव्ह किंवा नेटवर्क.

तक्रार लिहून घेताना ‘आवाज चालू होता का?’ एवढे विचारले तरी अ आणि ई वेगळे होतात. हा प्रश्न काउंटरवरच विचारायचा.

यंत्रे अशी. क्र. १ आणि २ : इंटेल कोअर आय३, तिसरी पिढी, ४ जीबी रॅम. क्र. ३ आणि ४ : आय३, सहावी पिढी, ८ जीबी. क्र. ५ : आय५, आठवी पिढी, ८ जीबी, टीव्हीला जोडलेला. क्र. ६ : आय५, चौथी पिढी, मोठी कॅबिनेट, ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालते. तेव्हा क्र. ५ वर विंडोज ११ आणि बाकी पाचांवर लिनक्स मिंट २२, असे ठरले. प्लेअरची निवड या निर्णयाला बांधलेली आहे, म्हणून तो आधी नोंदवला.

४ नोव्हेंबर : फाईल आतून पाहणे

प्लेअर कोणता, हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न फाईलमध्ये काय आहे हा. नावाच्या शेवटी एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय किंवा एमओव्ही असले तरी ते फक्त कंटेनरचे, म्हणजे बाहेरच्या डब्याचे नाव. आतला व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून साठवला आहे ते कोडेक ठरवतो; एच.२६४, एचईव्हीसी, एव्ही१ ही कोडेकची नावे. एकाच एमपी४ मध्ये एच.२६४ असू शकते, एचईव्हीसी असू शकते, एव्ही१ ही असू शकते. यातले पहिले क्र. १ वर लोण्यासारखे चालेल, बाकी दोन त्याला जड जातील.

फाईलची आतली माहिती दाखवणारे मीडियाइन्फो सगळ्या यंत्रांवर टाकले. प्रत्येक फाईलच्या पाच गोष्टी लिहायच्या : कोडेक आणि त्याचे प्रोफाइल (पोटप्रकार), बिट डेप्थ (छटा किती बारीक नोंदल्या आहेत : ८-बिट, १०-बिट), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती कमी करून साठवली आहे : ४:२:०, ४:२:२), फ्रेमदर स्थिर की बदलता, स्कॅन प्रोग्रेसिव्ह (पूर्ण चित्रे) की इंटरलेस्ड. रिझोल्यूशन सगळेच पाहतात, पण घोटाळा बहुतेक वेळा बिट डेप्थ आणि क्रोमामध्ये असतो. दोन्ही फाईली एच.२६४, दोन्ही १०८०, तरी एक चालते आणि दुसरी रडते, याचे कारण तिथे सापडते.

संग्रहाची वर्गवारी :

जुन्या व्हीसीडी. नाटके, कीर्तने, समारंभ. एमपेग-१, ३५२ बाय २८८, व्हिडिओ सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट. फाईलचे नाव डॅट, ती एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरात असते. व्हीएलसीत थेट चालते. यांची अडचण डीकोडिंगची नाहीच, चकतीवरच्या ओरखड्यांची आहे. व्हीसीडीचा व्हिडिओ ज्या प्रकारच्या सेक्टरमध्ये लिहिलेला असतो त्यात डेटा-सीडीइतकी चूकदुरुस्तीची सोय नसते. त्यामुळे चकतीवरून थेट दाखवायचे नाही. आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचे.

डीव्हीडी. एमपेग-२, ७२० बाय ५७६, बरेचसे इंटरलेस्ड.

मिनी डीव्ही टेपवरून उतरवलेल्या एव्हीआय. सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट, तासाला १३ जीबी. सगळे इंटरलेस्ड.

मोबाइलवरची चित्रणे. एचईव्हीसी, काही ४के, काही एचडीआर (उजेड आणि रंगांचा जास्त मोठा पल्ला असलेली), बहुतेक बदलत्या फ्रेमदराची.

ज्येष्ठांच्या मुलाखती. चांगल्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या, एच.२६४, १०-बिट, ४:२:२. सगळ्यात मौल्यवान साहित्य हेच, आणि सगळ्यात जास्त अडकणारेही हेच.

६ नोव्हेंबर : कोणती चिप काय उलगडते

हार्डवेअर डीकोडिंग म्हणजे प्रोसेसरच्या ग्राफिक्स भागात ठरावीक कोडेकसाठी बसवलेली स्वतंत्र मंडले. ती असली की प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहतो. नसली की सगळा भार मुख्य कोअरवर. नंतर कुठलेही सॉफ्टवेअर टाकून ती मंडले येत नाहीत.

तिसरी आणि चौथी पिढी : एमपेग-२, व्हीसी-१ (हाही एक कोडेक), ८-बिट एच.२६४. बस. लिनक्सवर एचईव्हीसीचे नाव नाही.

सहावी पिढी : वरचे सगळे आणि ८-बिट एचईव्हीसी. १०-बिट एचईव्हीसीसाठी पूर्ण मंडल नाही.

सातवी पिढी आणि तिच्याच घराण्यातली आठवी : १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ (यूट्यूब वापरतो तो एक कोडेक) सुद्धा. आपल्याकडे हे फक्त क्र. ५ वर.

एव्ही१ इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून, एनव्हिडियात आरटीएक्स ३० मालिकेपासून. आपल्या एकाही यंत्रात नाही. तरी एव्ही१ ची फारशी काळजी नको. व्हिडिओलॅनच्या लोकांनी लिहिलेला डेव्हिड हा डीकोडर इतका हलका आहे की आठव्या पिढीच्या आय५ वर १०८० पर्यंतचे एव्ही१ नुसत्या प्रोसेसरवर निभते.

१०-बिट एच.२६४ साठी मात्र आपल्या सहापैकी एकाही चिपमध्ये मंडल नाही, नव्या आठव्या पिढीतही नाही. मुलाखतींच्या फाईली क्र. ५ वरही प्रोसेसर का खातात, याचे उत्तर हे. ‘एच.२६४ तर सगळीकडे चालते’ हा समज ८-बिट ४:२:० पुरताच खरा आहे.

७ नोव्हेंबर : ड्रायव्हर

क्र. ५ वर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, जीपीयू असे उघडून पाहिले. ग्राफिक्सच्या नावाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ होते. हा कामचलाऊ ड्रायव्हर. पडदा दिसतो, पण हार्डवेअर डीकोडिंग शून्य. विंडोज नव्याने बसवल्यावर इंटेलचा ड्रायव्हर उतरलाच नव्हता. तो टाकून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’ हा आलेख दिसू लागला. फाईल चालू असताना तो आलेख वर जायला हवा. तो सपाट आणि प्रोसेसर भरलेला, तर काम सॉफ्टवेअरवर चालले आहे असे समजायचे. प्लेअर बदलण्याआधी ही तपासणी सक्तीची.

लिनक्सवर हीच तपासणी व्हीएइन्फो या आज्ञेने होते. चिप कोणती प्रोफाइल उलगडते त्याची यादी येते. त्यात ‘व्हीएलडी’ लिहिलेल्या ओळी डीकोडिंगच्या. इंटेलसाठी दोन ड्रायव्हर आहेत : पाचव्या पिढीपासून पुढे आयएचडी, त्याआधीच्यांसाठी आय९६५. क्र. १, २, ६ वर आय९६५ लागते, क्र. ३, ४ वर आयएचडी. यादीऐवजी चूक आली तर यांतले पॅकेज बसलेले नाही.

एक महत्त्वाची गोष्ट. फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर प्रोग्राम स्वतंत्र पेटीत बसवण्याची पद्धत) घेतलेला प्लेअर सिस्टीममधले हे ड्रायव्हर पाहतच नाही, तो स्वतःच्या रनटाइममधले, म्हणजे त्या पेटीबरोबर आलेले शोधतो. व्हीएइन्फो सगळे ठीक दाखवते आणि प्लेअर तरीही प्रोसेसर जाळतो, असे दिसले की प्लेअर कुठून बसवला ते पाहावे. आपल्याकडे सगळे प्लेअर मिंटच्या भांडारातूनच घ्यायचे.

१० नोव्हेंबर : प्लेअरची निवड

तीन उमेदवार होते.

व्हीएलसी. पॅरिसच्या इकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेला, २००१ पासून मुक्त परवान्याखाली. बहुतेक डीकोडर आत घेऊनच येतो, त्यामुळे वेगळे कोडेक टाकायची गरज नाही. अर्धवट उतरलेल्या, मोडक्या फाईलीही चालवून पाहतो. व्हीसीडी, डीव्हीडीचे मेनू यासाठी याला तोड नाही. फ्रेम वेळेवर दाखवण्याच्या काटेकोरपणात मात्र मागे पडतो, आणि लिनक्सवर त्याचे हार्डवेअर डीकोडिंग वितरणानुसार कधी चालते, कधी नाही.

एमपीव्ही. एमप्लेअरच्या घराण्यातला. दिसायला बटणे जवळपास नाहीत, पण आत काय चालले आहे ते आकड्यांत दाखवतो, आणि फ्रेमची वेळ पडद्याशी जुळवण्यात तिघांत सर्वांत पक्का. मिंटचा सेल्युलॉइड हा प्लेअर आतून एमपीव्हीच आहे, त्यावर बटणांची चौकट चढवलेली. वाचकांना तो सोपा जातो.

एमपीसी-एचसी. फक्त विंडोजवर. मूळ प्रकल्प २०१७ साली १.७.१३ या आवृत्तीवर थांबला, पण त्याची पुढची शाखा चालू आहे आणि तीच घ्यायची. एलएव्ही फिल्टर्स, म्हणजे त्याचे डीकोडर, आतच असतात. हलका, जुन्या विंडोज सवयीच्या लोकांना लगेच हाती येणारा.

ठरले ते असे. क्र. १, २, ३, ४, ६ वर सेल्युलॉइड मुख्य, व्हीएलसी डिस्कसाठी. क्र. ५ वर टीव्हीसाठी एमपीव्ही, रोजच्या वापराला एमपीसी-एचसी.

कोडेक पॅक कुठेही टाकायचे नाहीत. वरचे तिन्ही प्लेअर आपले डीकोडर बरोबर आणतात. पॅक विंडोजच्या सामायिक फिल्टर-यादीत आपली नावे वर चढवतात. दोन पॅक एकावर एक पडले की कोणती फाईल कोण उलगडतो तेच कळेनासे होते, आणि एक काढून टाकला तरी त्याच्या नोंदी मागे राहतात. विंडोजचा स्वतःचा प्लेअर एचईव्हीसीसाठी स्टोअरमधून विकतचे एक्स्टेंशन मागतो. एमपीसी-एचसी किंवा एमपीव्ही वापरताना त्याची गरज नाही.

११ नोव्हेंबर : एमपीव्हीची मांडणी

एमपीव्हीत हार्डवेअर डीकोडिंग मुळात बंद असते. हे ठाऊक नसल्याने अनेक जण तो जड आहे म्हणून सोडून देतात. लिनक्सवर होम फोल्डरमधल्या लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरात एमपीव्ही नावाचे फोल्डर, त्यात एमपीव्ही डॉट कॉन्फ ही साधी मजकुराची फाईल. तिच्यात एकेका ओळीवर :

‘एचडब्ल्यूडेक’ बरोबर ‘ऑटो-सेफ’. सर्व यंत्रांवर. याने हार्डवेअर डीकोडिंग चालू होते.

‘व्हिडिओ-सिंक’ बरोबर ‘डिस्प्ले-रीसॅम्पल’. सर्व यंत्रांवर. २३.९७६ फ्रेमची फाईल २४ च्या पटीतल्या पडद्यावर आली तर आवाज कानाला कळणार नाही इतका सरकवून फ्रेम पडद्याच्या ठेक्यात बसवतो. हा फेरफार मूळ मर्यादेप्रमाणे १ टक्क्याच्या आत असतो, म्हणून मोठी तफावत याने मिटत नाही.

‘प्रोफाइल’ बरोबर ‘फास्ट’. फक्त क्र. १ आणि २ वर. त्यांची ग्राफिक्स चिप अशक्त आहे. चित्र मोठे करण्याच्या महागड्या पद्धती याने बंद होतात. धार किंचित मऊ दिसते, पण हिसके जातात.

सेल्युलॉइड ही फाईल आपणहून वाचत नाही. त्याच्या प्राधान्यांत कॉन्फिग फाईल वापरण्याचा पर्याय चालू करून तिचा पत्ता द्यावा लागतो.

तपासणी : फाईल चालू असताना शिफ्ट धरून आय दाबायचे. हार्डवेअर वापरात असेल तर पद्धतीचे नाव दिसते, लिनक्सवर व्हीएएपीआय, विंडोजवर डी३डी११व्हीए. गळलेल्या फ्रेमचे दोन आकडे असतात. डीकोडरचा वाढत असेल तर चिप किंवा प्रोसेसर कमी पडतो. आउटपुटचा वाढत असेल तर उलगडणे जमते आहे, पडद्यावर टाकणे जमत नाही. दुसऱ्या प्रकारात आधी ‘फास्ट’ प्रोफाइल, मग रॅम तपासायची. अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच काम करते. एकाच पट्टीपेक्षा दोन सारख्या पट्ट्या जोडीने बसवल्या की तिला दुप्पट रुंद वाट मिळते. क्र. १ आणि २ मध्ये ४ जीबीची एकेकच पट्टी आहे. दुसरी तेवढीच मागवली.

१३ नोव्हेंबर : २५ फ्रेम आणि ६० हर्ट्झ

‘आ’ रकान्यातल्या तक्रारी पाहिल्या तर बहुतेक टेपच्या आणि डीव्हीडीच्या. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम. पडदा ६० हर्ट्झचा. ६० ला २५ ने भागले की २.४ येते, म्हणजे काही फ्रेम दोन वेळा आणि काही तीन वेळा दाखवल्या जातात, कुठली ३३ मिलिसेकंद टिकते तर कुठली ५०. डोळ्याला हा असमान ठेका हिसक्यासारखा जाणवतो. मंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाणारा नट पाहिला की लगेच दिसते. गळलेल्या फ्रेम शून्य असतात, प्रोसेसर रिकामा असतो, आणि तरी चित्र नीट जात नाही. कुठलाही नवा कोडेक किंवा महाग कार्ड यावर चालत नाही.

इलाज पडद्याच्या सेटिंगमध्ये आहे. टीव्ही ५० हर्ट्झ घेतो. क्र. ५ च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश दर ५० केला, प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा, हिसका गेला. मॉनिटर बहुधा ५० घेत नाहीत, पण क्र. ३ आणि ४ चे मॉनिटर ७५ हर्ट्झ घेतात आणि ७५ म्हणजे २५ ची तिप्पट. २५ फ्रेमच्या फाईलींना त्यावरही तोच परिणाम. फक्त मोबाइलची ३० फ्रेमची चित्रणे ७५ वर अडीच पटीत अडकतात, त्यासाठी ६० वर यावे लागते. म्हणून क्र. ३ कायम ७५ वर, २५ फ्रेमच्या फाईलींसाठी. क्र. ४ कायम ६० वर, मोबाइलच्या फाईलींसाठी. दोन्ही यंत्रांवर तसे लेबल लावले.

टीव्हीतले ‘मोशन स्मूदिंग’ बंद केले. ते मधल्या फ्रेम स्वतः रचते आणि नाटकाच्या चित्रणाला कृत्रिम गुळगुळीतपणा आणते.

१४ नोव्हेंबर : इंटरलेस्ड

टेपवर सेकंदाला २५ पूर्ण चित्रे नसतात, ५० अर्धी चित्रे असतात : एकदा विषम ओळी, एकदा सम. दोन अर्ध्यांमध्ये १/५० सेकंद गेलेला असतो. ती एकत्र दाखवली की हलत्या कडेला रेघा येतात.

एमपीव्हीत डी दाबले की डीइंटरलेसिंग (अर्ध्या चित्रांतून पूर्ण चित्रे बनवणे) सुरू. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस ‘ऑटोमॅटिक’ आणि पद्धत ‘यॅडिफ (२एक्स)’. २एक्स महत्त्वाचे. त्याने ५० अर्ध्यांतून ५० पूर्ण फ्रेम तयार होतात आणि मूळ हालचाल टिकते. साध्या यॅडिफने २५ च होतात, निम्मी हालचाल कायमची जाते. तबल्यावरची बोटे दोन्ही प्रकारे लावून पाहिली तर फरक सांगावा लागत नाही.

फील्डचा, म्हणजे अर्ध्या चित्रांचा, क्रमही तपासावा. डीव्ही टेप खालची ओळ आधी, डीव्हीडी बहुधा वरची आधी. उलटा क्रम लागला की माणूस दोन पावले पुढे, एक मागे असा थरथरत चालतो. असे दिसले की फाईलवरची खूण चुकीची आहे, प्लेअर ती मुकाट्याने पाळतो आहे.

१७ नोव्हेंबर : मुलाखतींचे काय करायचे

प्रथम खरा भार मोजला. एफएफएमपेगला (आज्ञा लिहून व्हिडिओ उलगडण्याचे आणि रूपांतराचे साधन) फाईल द्यायची, आउटपुट ‘नल’ ठेवायचे, म्हणजे काही लिहिले जात नाही, फक्त उलगडले जाते. शेवटच्या ओळीत ‘स्पीड’ येते. १ च्या खाली म्हणजे त्या यंत्रावर ती फाईल नुसत्या प्रोसेसरने चालणे अशक्य. १ च्या जरा वर असले तरी पुरत नाही, कारण तो सरासरी आकडा आहे. पानांची सळसळ, गर्दी, पाऊस अशा ठिकाणी बिटरेट चढतो आणि तिथेच गोठते. २ च्या पुढे असेल तर निर्धास्त. क्र. १ आणि २ वर १०-बिट ४:२:२ मुलाखती १ च्या खालीच राहतात.

ग्राफिक्स कार्ड घेऊन हे सुटेल का, याचा विचार झाला. जीटी १०३० हे लहान कार्ड ३० वॉटचे, वेगळी वीजजोडणी नको, अर्ध्या उंचीच्या कॅबिनेटमध्येही बसते, १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ उलगडते. पण १०-बिट एच.२६४ ते उलगडत नाही, म्हणजे मुलाखतींना त्याचा उपयोग नाही. शिवाय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही शाखा या पिढीसाठी शेवटची. पाच यंत्रांत पाच कार्डे घालण्यात शहाणपण नाही. क्र. ६ पुरते एक कार्ड मोबाइलच्या ४के फाईलींसाठी, आणि बाकी सगळ्यांसाठी पाहण्याच्या वेगळ्या प्रती.

मूळ फाईल कधीही पुसायची नाही, बदलायची नाही. १०-बिट ४:२:२ मध्ये जे रंग आहेत ते प्रतीत उतरत नाहीत. मूळ प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, प्रती तिसऱ्या डिस्कवर.

१९ नोव्हेंबर : पाहण्याच्या प्रतीची कृती

सहाही यंत्रांवर आणि टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरवरही चालेल असा एकच साचा : एमपी४, एच.२६४ हाय प्रोफाइल, ८-बिट, ४:२:०, आवाज एएसी १६० किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ.

एक्स२६४ ला (एच.२६४ प्रत बनवणारा एन्कोडर) सीआरएफ २० (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) आणि प्रीसेट स्लो. टेपसाठी सीआरएफ १८, कारण टेपचा कणकण दाबला की चेहरे मेणाचे दिसतात. पिक्सेल फॉरमॅट ‘वाययूव्ही४२०पी’, म्हणजे ८-बिट ४:२:०, स्पष्ट लिहायचा. तो राहून गेला तर एफएफएमपेग १०-बिट स्रोतातून १०-बिटच प्रत बनवतो आणि सगळी मेहनत वाया. की-फ्रेम (पूर्ण साठवलेले चित्र) दर दोन सेकंदांनी, २५ फ्रेमला ५०, म्हणजे मधेच पुढे सरकवले तर लगेच उचलते. ‘फास्टस्टार्ट’ चालू, त्याने फाईलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि नेटवर्कवरून उघडताना थांबावे लागत नाही.

लेव्हल (फाईल उलगडायला किती ताकद लागेल याची पातळी) : १०८० ला २५ किंवा ३० फ्रेम असतील तर ४.१. १०८० ला ५० फ्रेम असतील तर ४.२ लागते. जुनी टीव्ही-यंत्रे कधी कधी ४.१ च्या वरचे नाकारतात, म्हणून ५० फ्रेमची १०८० प्रत शक्यतो टाळायची.

टेपसाठी आधी बीडब्ल्यूडिफ हा डीइंटरलेस फिल्टर. तो मुळातच प्रत्येक अर्ध्या चित्राची एक फ्रेम करतो, म्हणजे ५०. यॅडिफ वापरायचा असेल तर हा प्रकार सांगावा लागतो. त्यानंतर ७६८ बाय ५७६ वर मोजमाप. मूळ ७२० बाय ५७६ चे पिक्सेल चौरस नसतात आणि काही टीव्ही ती खूण न वाचता माणसे अरुंद दाखवतात. ही प्रत लेव्हल ३.१ मध्ये बसते, क्र. १ वरही आरामात चालते. क्रम महत्त्वाचा : आधी डीइंटरलेस, मग आकार बदल. उलटे केले तर सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि रेघा पुन्हा कधीच निघत नाहीत.

२० नोव्हेंबर

मोबाइलच्या चित्रणांत आवाज शेवटी शेवटी पुढे जातो, अशी तक्रार. कारण बदलता फ्रेमदर : अंधारात मोबाइल फ्रेम कमी करतो. एमपीव्ही हे सांभाळतो, संपादनाची काही सॉफ्टवेअर सांभाळत नाहीत आणि बिघाड तिथून आलेल्या प्रतींत असतो. मूळ फाईल मागवायची, प्रत करताना फ्रेमदर स्थिर ३० ठेवायचा, एफएफएमपेगमध्ये एफपीएस-मोड ‘सीएफआर’.

२१ नोव्हेंबर : फिकट रंग

नव्या आयफोनवरची काही चित्रणे क्र. ५ वर धुतल्यासारखी फिकट. मीडियाइन्फोत रंगपट ‘बीटी.२०२०’ आणि ट्रान्सफर ‘एचएलजी’, म्हणजे एचडीआर. साध्या पडद्यासाठी ते रंग खाली आणावे लागतात, याला टोन मॅपिंग म्हणतात. एमपीव्ही ते स्वतः करतो. प्रत करताना फक्त ८-बिट केले तर फिकटपणा प्रतीत कायमचा बसतो. फिल्टरमध्ये टोन मॅपिंग आणि ‘बीटी.७०९’ (साध्या पडद्याचा रंगपट) कडे रूपांतर दोन्ही हवे.

चित्रीकरण करणाऱ्या स्वयंसेवकांना द्यायची सूचना : आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’, एचडीआर व्हिडिओ बंद, १०८० ला ३० फ्रेम. अँड्रॉइडवर एचईव्हीसी किंवा जागा वाचवण्याचा पर्याय बंद. एवढ्याने पुढची बरीच रूपांतरे वाचतील.

२४ नोव्हेंबर : डिस्क आणि नेटवर्क

‘ई’ रकाना. मोबाइलचे ४के चित्रण सेकंदाला ५० मेगाबिट धरले तरी ते ६.२५ मेगाबाइट होते, यूएसबी २ ची डिस्कही याहून कितीतरी जास्त देते. म्हणून ‘हार्ड डिस्क जुनी आहे, एसएसडी टाका’ हा सल्ला व्हिडिओपुरता बहुधा गैरलागू. डिस्क निरोगी आहे का, हे मात्र पाहायलाच हवे. मिंटच्या ‘डिस्क्स’ मध्ये स्मार्ट माहिती (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) उघडायची. ‘पेंडिंग सेक्टर’ (वाचता न आलेले भाग) शून्याच्या वर गेले असतील तर त्या डिस्कवरून आधी सगळे उतरवून घ्यायचे, व्हिडिओचा विचार नंतर.

नेटवर्क १०० मेगाबिटचे. डीव्हीची एक फाईल सुमारे २९ मेगाबिट ओढते, तीन एकदम लावल्या की ८७, चौथ्याला जागा नाही. एच.२६४ च्या प्रती याहून बराच कमी भार टाकतात. मूळ डीव्ही नेटवर्कवरून दाखवणे बंद केले. व्हीएलसीने नेटवर्कवरून उघडताना धक्के बसत असतील तर इनपुट/कोडेकच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘नेटवर्क कॅशिंग’ ३००० मिलिसेकंद.

पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल मावत नाही. डीव्हीची साधारण २० मिनिटे एवढ्यातच संपतात. एक्सफॅट करून द्यायचे.

२५ नोव्हेंबर : ब्राउझर

यूट्यूबवर क्र. १, २, ६ अडकतात. यूट्यूब सहसा व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतो, ही यंत्रे ते हार्डवेअरने उलगडत नाहीत. यूट्यूबची एच.२६४ प्रत १०८० पर्यंतच मिळते, या पडद्यांना तेवढी पुरे. फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय हे यूट्यूबकडून एच.२६४ प्रतच मागणारे एक्स्टेंशन टाकले. ब्राउझर काय घेतो आहे ते व्हिडिओवर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ मध्ये दिसते. कोडेकच्या ओळीत ‘एव्हीसी१’ आले की एच.२६४ चालू आहे.

२६ नोव्हेंबर : मराठी उपशीर्षके

मुलाखतींना उपशीर्षके आहेत. काही ठिकाणी प्रश्नचिन्हे, काही ठिकाणी रोमन अक्षरांचा कालवा. प्रश्नचिन्हांचे कारण फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली नाही. मजकूर संपादकात उघडून तशी पुन्हा साठवली. कालव्याचे कारण मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय इलाज नाही. एमपीव्हीत फाँट ‘नोटो सान्स देवनागरी’ ठरवून दिला. ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘ट्ट’ असलेली ओळ प्रत्येक यंत्रावर वाचून पाहिली. जोडाक्षरे सुटी पडली तर प्लेअर जुना आहे.

२८ नोव्हेंबर : स्थिती

क्र. १, २ : दुसरी रॅम पट्टी बसली. फक्त ‘पाहण्याच्या प्रती’ फोल्डर दिसते, मूळ फाईलींचे फोल्डर या यंत्रांवरून काढले. टेपच्या प्रतीत गळलेल्या फ्रेम शून्य.

क्र. ३, ४ : ८-बिट एचईव्हीसी थेट चालते. १०-बिट आल्यास प्रत करायची.

क्र. ५ : टीव्ही ५० हर्ट्झ, एमपीव्ही. मुलाखतींची मूळ फाईल तज्ज्ञांना दाखवायची असेल तर हेच यंत्र. त्या वेळी ब्राउझर आणि अँटीव्हायरसचे ठरलेले स्कॅन बंद ठेवायचे, कारण सगळे काम प्रोसेसरवर असते.

क्र. ६ : कार्ड यायचे आहे. आल्यावर ५८० शाखेचा ड्रायव्हर, मग एमपीव्हीच्या आकडेपानावर ‘एनव्हीडेक’ (एनव्हिडियाचे हार्डवेअर डीकोडिंग) दिसते का ते पाहायचे. आतली जुनी धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट त्याच वेळी काढायची. अर्ध्या तासानंतर सुरू होणारे अडकणे बहुधा तापण्यामुळे असते.

प्रती करण्याचे राहिलेले काम : मिनी डीव्हीच्या उरलेल्या टेप आणि दोन मुलाखती. प्रती रात्री क्र. ५ वर लावायच्या, सकाळी प्रत्येकीची सुरुवात, मध्य आणि शेवट पाहूनच यादीत खूण करायची.